शेंदराखालचा घोडा

लोक काशीला जाऊन आले की लिहितात, दुबईला जाऊन आले की लिहितात. मी गेले ते अंबरनाथच्या देवळात, तिथून उल्हासनगरच्या कॅम्पात आणि शेवटी बदलापूरला, बेलवलीत, माझ्या माहेरी. रोज रिक्षाने जायचं आणि संध्याकाळच्या भाकऱ्या भाजायला मोरिवलीत घरी परत. "याला प्रवास म्हणायचं का गं आई?" असं माझी मुलगी मनाली हसून विचारते. मी म्हणते, म्हणायचं. लग्न होऊन मोरिवलीत आले तेव्हा केस काळे होते, आता पांढरे झाले, पण या तीन गावांत मी कधी नुसती बघायला म्हणून गेले नव्हते. लग्नाला गेले, मयताला गेले, दवाखान्यात गेले. डोळे उघडे ठेवून गेले ती याच वर्षी.

माझी शाळा चौथीत सुटली. लिहायला वेळ लागतो. तरी लिहिते, कारण मला तोंडाने सांगता येत नाही. चार माणसं समोर आली की माझा आवाज घशातच राहतो.

सुरुवात अशी झाली. आमच्याकडच्या एका मंडळाने फोटोंची स्पर्धा ठेवली होती. आपल्या भागातल्या जुन्या, ऐतिहासिक गोष्टींचे फोटो हौशी लोकांनी काढायचे, धंदेवाईक फोटोग्राफर चालणार नाहीत, मोबाइल चालेल. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर, प्रत्येक ठिकाणचा एक फोटो. निवडलेले फोटो मोठे करून हॉलमध्ये लावणार. मनालीने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं.

"दिवसभर माझ्या जुन्या फोनवर जास्वंदीचे फोटो काढत असतेस," ती म्हणाली, "आता जरा दुसरंही काढ."

मी साफ नाही म्हटलं. त्याच आठवड्यात बेलवलीहून जनीकाकीचा फोन आला.

बेलवलीत आता सगळ्या इमारती झाल्या आहेत, पण मधे आमची जुनी आळी अजून आहे. आळीच्या तोंडाशी उंबराखाली एक ओटा आणि ओट्यावर कमरेएवढा उभा दगड. आम्ही त्याला वीर म्हणतो. त्याच्यावर घोडा कोरलेला आहे, घोड्यावर तलवार घेतलेला माणूस, खाली गुरं आणि वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या बायका. कुणी गावाची गुरं पळवून नेत होतं, त्यांना अडवताना हा माणूस मेला, असं माझे बाबा सांगायचे. माझं बोट धरून ते दगडावरून फिरवायचे. "ही मान. ही आयाळ. हा बघ पाय उचललेला." अक्षर गिरवायच्या आधी मी तो घोडा गिरवला आहे.

काकी फोनवर म्हणाली, "बाजूची नवी सोसायटी गेटाचा रस्ता करतंय. चुन्याची रेघ मारलीय, ती सरळ आपल्या ओट्यावरशी गेलीय गो. ते बोलतात, दगड उचलून कोपऱ्यात ठेवू, त्यात कं हाय?"

मी मनालीला सांगितलं. ती म्हणाली, "फोटो हॉलमध्ये लागला, लोकांनी पाहिला, तर तो नुसता दगड राहणार नाही. मग उचलताना दहा वेळा विचार करतील."

म्हणून मी हो म्हटलं.

शुक्रवार, अंबरनाथ

माझ्याबरोबर हिरावन्सं आल्या. हिरा माझी नणंद, इथेच अंबरनाथच्या पालेगावात दिलेली. मला रिक्षावाल्याला "थांबा" म्हणतानाही घाम फुटतो आणि त्या चालत्या रिक्षातून रस्त्यावरच्या माणसाशी भांडू शकतात.

शंकराच्या देवळात मी शिवरात्रीला बरेचदा गेले आहे. पण शिवरात्रीला काय दिसतं? पुढच्या बाईची वेणी. त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा देऊळ बाहेरून सावकाश फिरून पाहिलं. काळा दगड आणि त्याच्यावर रिकामी जागा म्हणून नाही. हत्तींच्या रांगा, देव, नाचणाऱ्या बायका, वेली. कितीतरी मूर्तींची नाकं झिजली आहेत, हात तुटले आहेत, पण उभं राहण्याची ऐट तशीच आहे. बाजूने वालधुनी वाहते. तिचा वास येतो, ते खोटं कशाला लिहू? आत गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. आमच्याकडे देवाला वर चढून जातात, इथे खाली उतरायचं. उन्हातून आत गेल्यावर विहिरीत उतरल्यासारखा गारवा लागला.

स्पर्धेला आलेले पुष्कळजण तिथे होते. मोठे कॅमेरे, तीन पायांचे स्टँड. मी फोन पदराखाली धरला होता. कुणी पाहिलं तर हसेल असं वाटत होतं. सगळेजण समोरूनच फोटो काढत होते आणि मला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती.

हिरावन्संचे पाय दुखायला लागले. त्या एका कोपऱ्यात भिंतीला टेकल्या, एक हात कमरेवर, एक गुडघा वाकवलेला. तेवढ्यात एक कॅमेरावाला म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा ना, तुम्ही फोटोत येताय."

"मी फोटोत येतंय कं तू माझ्या मधी येतंस?" वन्सं जागच्या हलल्या नाहीत. "कुठला रं तू?"

"डोंबिवलीचा."

"मी पालेगावची. मंग बाजूला कोनी व्हाचा?"

आजूबाजूचे सगळे हसले, तोही हसला. माझं लक्ष मात्र वन्संच्या मागे गेलं होतं. त्यांच्या खांद्याच्या वर भिंतीत एक दगडाची बाई होती. तिचाही हात कमरेवर, तिचाही गुडघा तसाच वाकलेला. वन्संनी मुद्दाम काही केलं नव्हतं. दमलेली बाई टेकते तशा त्या टेकल्या होत्या. हजार वर्षांमागे ज्याने ती मूर्ती घडवली, त्याने अशीच कुणी दमलेली बाई पाहिली असणार. मी फोन बाहेर काढला आणि पटकन फोटो घेतला. खात्रीसाठी आणखी एक घेतला.

फोटो पाहून वन्सं म्हणाल्या, "वयनी, ती माझ्याहून बारीक हाय." मग थोड्या वेळाने, "पन बांगड्या माझ्या चांगल्या हान."

शनिवार, उल्हासनगर

उल्हासनगरला आम्ही जातो ते लग्नाची खरेदी करायला. साड्या, फर्निचर, जीन्स, सगळं तिथे. पण तिथे जुनं काय असणार, हे मला कळेना. मनालीने सांगितलं होतं, फाळणीनंतर सिंधी लोक आले तेव्हा त्यांना लष्कराच्या बराकींमध्ये ठेवलं होतं, त्यातल्या काही अजून असतील, शोध.

शोधलं वन्संनीच. पापडाच्या दुकानात विचारलं, पानवाल्याला विचारलं, एका बाईला तर खिडकीतून हाक मारून विचारलं. उंच इमारतींच्या मधे एक लांबलचक बैठं घर निघालं, वर कौलं, भिंती जाड. दारात एक म्हातारी बाई बाजेवर बसून मेथी निवडत होती. सगळे तिला अम्मा म्हणत होते. वन्संनी मला पुढे ढकललं.

"ते... फोटो," मी म्हटलं. पुढचं आलंच नाही.

"अचो, अचो, आओ," अम्मा म्हणाली. "पहले अंदर बैठो. फोटो भागता नहीं."

बसल्या बसल्या सुनेने आमच्या पुढे भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला ठेवला. आमच्याकडे पूर्वी उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचे, त्यांच्याकडे पापड-पाणी. मला वाटलं खारटाने तहान वाढेल, पण पापड खाल्ला की माणूस पाणी भरपूर पितो, हे नंतर कळलं. मग कोकी आली. कांदा-मिरची घातलेली जाड पोळी, खमंग, कडा कुरकुरीत. आमची तांदळाची भाकरी कशी, तव्यावरून उतरली की लगेच खायची, सकाळची संध्याकाळी कडक होते. कोकी दोन दिवस टिकते.

"सफर की रोटी है," अम्मा म्हणाली. "मेरी माँ उधर से यही बाँध के निकली थी."

अम्माचा जन्म या बराकीतला. तिची आई तिला पोटात घेऊन आली. तेव्हा आत भिंती नव्हत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच खोली आणि तिच्यात कितीतरी कुटुंबं. मधे दोऱ्या बांधून साड्या, चादरी, गोणपाट टांगायचे. तीच भिंत. अम्माने वर बोट दाखवलं. लाकडाच्या तुळईला एक गंजलेली लोखंडी कडी होती.

"इसमें रस्सी थी. इधर हमारा घर, उधर दूसरे का. रात में कोई खाँसता, तो दोनों तरफ से पानी आता." ती हसली. "अब पक्की दीवार है. अब कोई नहीं सुनता."

"अम्मा, ती कडी पकडता का?" हे मीच बोलले. वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या.

अम्मा बाजेवर उभी राहिली, सुनेने तिला धरलं आणि तिने वर हात करून कडी पकडली. मी बटण दाबलं तर फोनवर आलं, जागा संपली. सगळी जागा जास्वंदीने खाल्ली होती! मी एकेक जास्वंद पुसायला लागले. लाल, पांढरी, पिवळी, पुन्हा लाल.

"धीअ, बेटी, हाथ नीचे करूँ?" अम्माने विचारलं.

"नको, नको. झालंच."

"फूल बहुत हैं तेरे पास," ती वरूनच म्हणाली.

फोटो चांगला आला. सुरकुतलेला हात आणि गंजलेली कडी, दोघांचा रंग जवळजवळ एक. निघताना अम्मा म्हणाली, "पोते बोलते हैं, तोड़ के बिल्डिंग बनाएँगे. बनाओ. ये कड़ी मैं नए घर में लगवाऊँगी." हे ती रडत नाही बोलली. नवी सून आणायची असल्यासारखी ऐटीत बोलली.

घरी येऊन मी आनंदाने जनीकाकीला फोन केला. "काकी, उद्या सकाळी येते गं. वीराचा फोटो काढायला." एवढंच. तिथेच माझं चुकलं.

रविवार, बेलवली

फोटो त्याच संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. सकाळी लवकर पोचलो. उंबराखाली रांगोळी काढलेली, ओटा सारवलेला, आळीतल्या बायका नव्या साड्या नेसून उभ्या. आणि मधे वीर.

तो नखशिखांत शेंदरी झाला होता. तेलात कालवलेला शेंदूर, ताजा, बोटभर जाड. त्याच्यावर चांदीचे डोळे. गळ्यात झेंडूचा हार. घोडा नाही, तलवार नाही, गुरं नाहीत. सूर्यफुलाच्या तेलाचा वास आणि एक शेंदरी ढीग.

"बघ गो बाय," जनीकाकी दोन्ही हात पसरून म्हणाली, "फोटूला देव कसा तयार हाय! पाहाटे आंगोल घातली. आख्खी पुरी लावली शेंदराची."

एरवी शेंदराची एक पुडी कितीतरी अमावास्यांना पुरते. अमावास्येला लावतात तो शेंदूर पातळ असतो, दोन बोटांचा, त्याच्यातून कोरीव काम दिसतं. हा सणाला लावतात तसा होता. मी येणार म्हणून लावला होता. खरवडून काढा म्हणणं शक्यच नव्हतं. लावलेला शेंदूर कुणी काढत नाही, बऱ्याच वर्षांनी त्याचं कवच आपोआप सुटतं तेव्हा नदीत सोडतात. आणि ओट्याच्या बरोबर मधून चुन्याची पांढरी रेघ गेलेली. सारवताना बायकांनी तीही पुसली नव्हती, दुसऱ्याची रेघ म्हणून.

वन्संनी माझा चेहरा पाहिला आणि मोठ्याने म्हणाल्या, "काकी, तुमी देवाला सजवला, पन घोरा कुठं गेला?"

"कुठं जातंय? हा कं." काकीने बघितलंही नाही, वन्संकडे तोंड ठेवून नुसतं बोट मागे नेऊन शेंदरावर टेकवलं. "ही घोऱ्याची मान."

"मान नाय, आयाल हाय ती," दुसरी म्हणाली आणि तिने आपलं बोट थोडं खाली ठेवलं. "मान हिकरं."

"तलवार माझ्याकडं हाय, दम धरा," तिसरी पुढे आली.

"गुरा मी लावतंय दर अमाशेला, तुमी कं सांगता मना?" आणखी एक खाली वाकली.

बघता बघता दगडावर सगळ्यांचे हात आले. प्रत्येकीची बोटं आपापल्या खाचेत जाऊन बसली. वर्षानुवर्षं लावतात ना, डोळ्यांनी कुणी पाहतच नाही, बोटांनाच माहीत. आणि बोटं दाबली तसा मऊ शेंदूर बाजूला सरकला, दोन इमारतींच्या फटीतून तिरपं ऊन आलं होतं, त्यात मानेचा बाक दिसला, उचललेला पाय दिसला. बाबांनी माझं बोट जिथून फिरवलं होतं तिथूनच जनीकाकीचं बोट गेलं होतं.

मी ओट्यावर गुडघे टेकले. साडीला शेण लागलं, लागू दे. हिरव्या बांगड्या, शेंदरी बोटं, त्यांच्यामधून निघालेला घोडा आणि खाली चुन्याची पांढरी रेघ. सगळं एकात घेतलं.

"आमची तोंडा नाय आली कं?" काकीने विचारलं.

"नाही आली, काकी."

"या नव्या सारीचा काय उपेग मंग!"

मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी. रविवार होता म्हणून, आणि मी माहेरी आले होते म्हणून, वर खापरीतले वडे.

संध्याकाळी मनाली फोटो पाठवायला बसली. तिसऱ्यापाशी थांबली. "आई, यात कोरीव काम धड दिसत नाही. दुसरा नाही का? हार घातलेला समोरून?"

"हाच पाठव," मी म्हटलं. माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं. तिने पाठवला.

हॉलमध्ये

प्रदर्शन अंबरनाथला होतं. पहिलं बक्षीस देवळाच्या एका फोटोला मिळालं, तलावासारख्या निळ्या आभाळात काळं शिखर. खरंच सुंदर होता. माझे तिन्ही फोटो लागले होते, शेजारी शेजारी. बाई टेकलेली, हात कडीवर, हात शेंदरात. खाली छापील अक्षरात माझं नाव. लग्नाच्या पत्रिकेशिवाय माझं नाव मी कुठे छापलेलं पाहिलं नव्हतं. उल्हासनगरहून अम्मा सुनेबरोबर रिक्षा करून आली होती आणि येईल त्या माणसाला सांगत होती, "ये हाथ मेरा है." हिरावन्सं पहिल्या फोटोपाशी पहाऱ्यालाच उभ्या होत्या. डोंबिवलीचा तो कॅमेरावाला त्यांना नमस्कार करून गेला.

मी खांबाच्या आड उभी होते. तेव्हा एक गृहस्थ बायकोला घेऊन तिसऱ्या फोटोपुढे थांबले.

"अगं, हा आपल्या गेटजवळचा दगड," ते म्हणाले. "ही बघ आपली रेघ."

"पण यात आहे काय? नुसता शेंदूर तर दिसतोय," बायको म्हणाली.

हिरावन्संनी मला खांबामागून ओढून काढलं. "हिला इचारा. हिनं काडलाय." आणि चक्क चार पावलं मागे सरकल्या. जन्मात पहिल्यांदा त्या गप्प बसल्या.

 बोलता येईना म्हणून मी फोटोवर बोट ठेवलं. बोट ठेवल्यावर बोलता आलं.

"ही घोड्याची मान. ही आयाळ. हा पाय उचललेला. ही तलवार. ही खाली गुरं, आमच्या गावाची. ती वाचवताना हा माणूस मेला. म्हणून त्याचा दगड उभा केला. आम्ही त्याला शेंदूर लावतो, म्हणजे तो झिजत नाही."

त्या बाईने माझ्या बोटामागून आपलं बोट फिरवलं. "हो की. हा बघा, पाय."

गृहस्थ फोटोजवळ वाकले. मग म्हणाले, "मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हटलं. मग खरं ते बोलले, "आणि आम्हीही सांगायला आलो नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्या नावाची चिठ्ठी वाचली, पुन्हा फोटो पाहिला आणि आपल्या फोनमध्ये त्याचा फोटो काढून घेतला.

काही दिवसांनी मी बेलवलीला गेले. चुन्याची जुनी रेघ खराट्याने पुसून टाकलेली होती. नवी रेघ रस्त्यापासून सरळ येत होती आणि उंबरापाशी आल्यावर वळून, ओट्याला चांगली हातभर जागा सोडून, पुढे गेटाकडे गेली होती. मी त्या रेघेवरून चालत गेले, वळणासकट. बाबा असते तर त्यांनाही चालवत नेलं असतं.

जनीकाकी दारात उभी राहून बघत होती. "देव हाय तिथंच हाय, रस्ता हलला," ती म्हणाली. "सेक्रेटरीची बायको आलती. पुढच्या अमाशेला मीपन शेंदूर लावतंय बोलली. मी बोललू, ये. तिला गुरा दिली, खालची. नवीन हाय ना."

मी हसले. वीराकडे पाहिलं. तो अजून तसाच जाड शेंदरात, चांदीचे डोळे वटारून बसला होता आणि सगळीकडे बायकांच्या बोटांच्या खाचा वाळून घट्ट झाल्या होत्या.

"आनि ऐक," काकी मागून ओरडली, "परत फोटू काडाचा असंल तं आदी फोन कर. या टायमाला शेंदराच्या दोन पुऱ्या आनून ठेवतंय."